तुकडा नाही, तर ग्लँड नाही

कौसाआक्काने माल विकायला दुकान काढलं होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिचं दुकान पाहिलेलंच नाही. तिने दुकान काढलं होतं ते माल न विकण्यासाठी. पंचवटीतल्या ज्या गल्लीत एक रिक्षा शिरली की दुसरीला नवस बोलावा लागतो, त्या गल्लीत तिचं इलेक्ट्रिकच्या मालाचं दुकान होतं आणि बरोबर समोर माझं विजेच्या मोटारी रिवाइंड करण्याचं, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळण्याचं. माझ्याकडे जळलेल्या मोटारी आत यायच्या, तिच्याकडून जळलेली गिऱ्हाइकं बाहेर पडायची. दोन्ही बाजूंनी धूर.

तिच्या दुकानात बल्ब, बटणं, पंखे सगळं होतं, पण तिचा जीव होता ग्लँडमध्ये. ग्लँड म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मळ्यात, कारखान्यात, बाजारात जमिनीखालून जाते ती केबल साधी नसते, तिच्या अंगावर पोलादी तारांचं चिलखत असतं. ही चिलखतवाली केबल जिथे लोखंडी पेटीत शिरते, तिथे पितळेचा आट्यांचा एक जोड लागतो. तो ग्लँड. त्याने केबलची मान धरायची, चिलखताच्या तारा पेटीला घट्ट बांधायच्या आणि पाण्याला बाहेरच ठेवायचं. तारा नीट बांधलेल्या असल्या तर कुठे वीज फुटली तरी ती तारांमधून निमूट जमिनीत जाते. नसल्या तर तिला जमिनीत जायला दुसरं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी बहुधा पेटीला हात लावून उभं असतं.

हे ज्ञान मला कुठल्या शाळेत मिळालेलं नाही. समोरच्या दुकानातून ते रोज माझ्या कानावर आदळायचं. आक्काचा आवाज असा की ती बोलू लागली की नदीपलीकडे जुन्या नाशकात लोक खिडक्या लावून घेत, आणि ओरडली तर गोदावरी दोन बोटं मागे सरे. अंगाने उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि बायका जिथे किल्ल्यांचा जुडगा खोचतात तिथे तिने जाडी मोजायचा व्हर्नियर खोचलेला. मखमलाबादच्या फुलं पिकवणाऱ्या घरातली पोर. झेंडूचं फूल नुसतं तळहातावर घेऊन ते कुणाच्या वाफ्यातलं हे सांगायची. तीच नजर पुढे केबलकडे वळली.

तिचा एकच कायदा होता. ग्लँड पाहिजे असेल तर केबलचा तुकडा घेऊन या. तोंडाने सांगितलेली साइज ती मानायची नाही, मोबाइलवर दाखवलेला फोटो तर तिला शिवी वाटायचा.

"फोटूला जाडी असती का रे? मुलगी बघायला गेला व्हता तवा फोटूवरच अक्षता टाकल्या का?"

त्यामुळे सकाळी दहाच्या सुमारास गल्लीत वेगळीच मिरवणूक निघायची. शर्ट खोचलेले इंजिनिअर, धोतरातले बागाईतदार, हेल्मेट घातलेले वायरमन, सगळे वीत-वीत केबलचे तुकडे हातात धरून रांगेत. एकदा लातूरकडच्या यात्रेकरूंचा एक जथा ती रांग पाहून थबकला. त्यांना वाटलं इथला एखादा देव हे काळं लाकूड मागतो. शपथेवर सांगतो, त्यातल्या एका आजोबांनी माझ्याकडून तुकडा विकत मागितला. मी दिला नाही. दिला असता तर आज तिथे देऊळ असतं.

तुकडा हाती आला की आक्काची चौकशी सुरू व्हायची. आधी तो वाकवून पाहायची, मग वास घ्यायची. वासाचं कारण कुणालाच कळलं नाही, पण विचारायची छाती कुणाची होती? मग व्हर्नियर. बाहेरची जाडी, चिलखताखालची जाडी, तारांची जाडी. मग प्रश्न.

"पेटी कुठं हाय? घरात का भायेर?"

"बाहेर, आक्का. शेडला."

"पानी लागतं?"

"पावसात थोडं."

"थोडं म्हंजे काय? पाऊस तुला विचारून पडतो?"

पाण्यात, वाफेत, फवाऱ्याखाली असेल तर आतून-बाहेरून दोन्हीकडे आवळणारा, रबराचे दोन पदर असलेला डबल कॉम्प्रेशनचा ग्लँड. कोरड्या खोलीत साधा चालेल. तारा पोलादाच्या की अॅल्युमिनियमच्या, पेटीचं भोक केवढं, पत्रा जाड की पातळ, सगळं विचारून झाल्यावर ती ग्लँड काढायची, तिथल्या तिथे त्या तुकड्यावर चढवायची आणि तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. "वढ." माणूस ओढायचा. "अजून वढ, जेवला नाय का?" तो पाय भिंतीला लावून ओढायचा. केबल हलली नाही, की ती म्हणायची, "बसली." हे तिचं प्रशस्तिपत्रक. हलली तर म्हणायची, "ही पाहुणी आलीय, सून नाय. आज हाय, उद्या जाईन."

लोकांच्या चुका तिला पाठ होत्या. ग्लँड मोठा आणि केबल बारीक झाली की आपला माणूस काय करतो? सायकलची जुनी ट्यूब कापून केबलला गुंडाळतो आणि कोंबतो. उलटं झालं, म्हणजे ग्लँड लहान आणि केबल जाड, तर आणखी हुशारी. चिलखताच्या तारा पकडीने कापून टाकतो. मग केबल बारीक होते, सुरेख आत जाते आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप तीच गोष्ट कचऱ्यात पडते. ट्यूबवाल्याला आक्का नुसता झापायची. तारा कापणारा दिसला तर स्टुलावरून उठायची.

"चप्पल ल्हान पडली तर पायाची बोटं कापतो का रे मुडद्या?"

या अशा बाईला देवाने नवरा दिला होता दगूअण्णा. अण्णांना 'नाही' हा शब्द येतच नव्हता. लहानपणी गोवरात गेला असावा. पांढरी टोपी, गल्ल्यामागे पेपर, आणि जो जे मागेल ते हातावर. आक्का जेवायला घरात गेली, की गल्लीत बातमी फुटायची आणि ज्यांना तुकडा आणायचा कंटाळा ते सगळे अण्णांवर तुटून पडायचे.

अशाच एका दुपारी दिंडोरीकडचा एक द्राक्षबागाईतदार आला. कोल्ड स्टोरेजसाठी ग्लँड हवा होता. तुकडा नव्हता. अण्णांनी अंदाजाने एक दिला आणि वर म्हणाले, "सैल झालाच तर ट्यूब गुंडाळा." तो रिक्षात बसून गेला, एवढ्यात आक्का बाहेर आली. पोळ्या लाटत होती, हातात लाटणं, कोपरापर्यंत पीठ. रिकाम्या खोक्याकडे पाहून तिला सगळं उमगलं.

"कुनाला दिला?"

"अगं, ते दिंडोरीचे..."

पुढचं वाक्य हवेतच राहिलं. आक्काने माझ्या दारातली माझीच स्कूटर काढली. भाजीबाजारातून ती कशी गेली हे मेथीच्या जुड्यांना विचारा. दिंडोरी नाक्याच्या अलीकडे तिने त्या बागाईतदाराच्या रिक्षाला स्कूटर आडवी घातली, पिशवीत हात घातला, ग्लँड काढून घेतला आणि पैसे त्याच्या मांडीवर टाकले. तो बिचारा ओरडला, "चोर! चोर!" लोक धावून आले. पिठाने माखलेली बाई लाटणं घेऊन उभी आहे आणि धोतरातला माणूस थरथरतोय, हे पाहून लोकांनी न्याय केला आणि बागाईतदाराला धरलं. आक्कानेच त्याला सोडवलं.

"सोडा त्याला. चोर नाय, आळशी हाय. उद्या तुकडा घिऊन येईन."

तो आला. पुढे अनेक वर्षं येत राहिला. दर वेळी तुकडा आणि द्राक्षाची पेटी.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर बाजाराची शेड आली.

फुलं आणि पालेभाजी विकणाऱ्या बायकांसाठी बाजारात नवी लोखंडी शेड उभी राहिली. त्या बायकांत आक्काची धाकटी जाऊ मथुराबाईही होती. दोघींचं हाडवैर. मथुराबाईचं म्हणणं, थोरलीने दुकानात बसून स्वतःला कलेक्टर समजायला सुरुवात केलीय. आक्काचं म्हणणं, धाकटीला गजरा ओवता येत नाही. नव्या शेडमध्ये मथुराबाईने मोक्याची जागा धरली होती. दाराशी, लोखंडी खांबाला पाठ टेकून. त्याच खांबावर डोक्याच्या वर विजेची मोठी पेटी बसणार होती.

वायरिंगचं काम भाऊसाहेबांकडे होतं. भाऊसाहेब म्हणजे शहरातल्या इलेक्ट्रिक कंत्राटदारांचे पुढारी. पांढरे कपडे, पांढरी गाडी, पांढरे बूट. माणूस वाईट नव्हता. घाईत होता, आणि घाईतल्या माणसाला आपण वाईट आहोत हे कळायला वेळ मिळत नाही. त्यांनी फोनवर ग्लँड मागवले. आक्का म्हणाली तुकडा पाठवा. तेव्हा ते स्वतः आले.

"आक्का, मी तुकडा पाठवायचा? माझा शब्द आहे ना."

"तुमच्या शब्दाला तारा हायेत का?"

"साधे सिंगल द्या. शेड आहे, वर पत्रा आहे. एवढा काय फरक पडतो? पितळ ते पितळ."

"वर पत्रा हाय, पन खाली बाया हायेत. दिसभर फुलांवर पानी मारत्यात. सकाळी पाईप लावून शेड धुत्यात. डबलच लागंल, आन् तुकडा बघून. नायतर नाय देत."

भाऊसाहेब हसले. पण रांगेतले सगळे ऐकत होते आणि पुढारी माणसाला रांगेसमोर 'नाही' पचत नाही. पायरी उतरताना ते म्हणाले, "ठीक आहे. मग उद्यापासून ही पायरी आमच्यातलं कुणीच चढणार नाही."

"पायरी मी रोज झाडते," आक्का म्हणाली. "उद्या कमी झाडावी लागंल."

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून गल्ली मोकळी. सुटे शेतकरी यायचे, पण दुकान चालायचं कंत्राटदारांवर. ती मिरवणूक आटली. रिक्षावाले खूश झाले, अण्णांनी पेपर दोनदा वाचायला सुरुवात केली. मी म्हणालो, "आक्का, थोडं नमतं घ्या. दुकान बसेल."

"बसू दे. उभं राहून लय दमलंय."

शेडच्या उद्घाटनाच्या आदल्या दुपारी आक्का काहीतरी घ्यायचं निमित्त करून बाजारात गेली. मला सोबत नेलं. पेटी खांबावर बसली होती. आक्का एका पालथ्या पाटीवर चढली आणि तिने केबल नुसती हातात धरून हलवली. ती हातभर बाहेर आली. टोकाला चिलखताच्या तारा कापलेल्या. कुठल्यातरी जुन्या कामातून उरलेले लहान साइजचे ग्लँड खपवले होते, आणि कापलेल्या तारांची टोकं सुईसारखी आतल्या वायरींवर रोखलेली. खाली मथुराबाई खांबाला टेकून शेवंती निवडत होती.

"मथुरे, हितनं ऊठ. दुसरीकडं बस."

"का? तुमच्या नावावर हाय का खांब?"

"वरची पेटी बरोबर नाय."

"तुमच्या दुकानचं घेतलं नाय म्हनून बरोबर नाय व्हय? आमाला सगळं कळतंय, जाऊबाई." आसपासच्या बायका फिदीफिदी हसल्या. आक्का पाटीवरून उतरली. भांडण अर्धं सोडून परत फिरणारी आक्का मी पहिल्यांदाच पाहिली. मला वाटलं, संपलं.

सकाळी उद्घाटन. लाउडस्पीकर, हार, नारळ. पेटीच्या मेन स्विचला झेंडूची माळ. भाऊसाहेब स्विचकडे हात नेणार, तेवढ्यात बायका बाजूला झाल्या आणि मधून आक्का आली, हातात पाण्याने भरलेली बादली. ती बादली एवढी भरलेली होती की चालताना तिच्यात लाटा उठत होत्या, पण एक थेंब सांडला नाही. बादली तिने खांबाशी ठेवली. कमरेची दुकानाची किल्ली काढून शेजारी ठेवली.

"भाऊसाहेब, नारळ मागनं फोडा. आधी हात द्या."

"कसला हात, आक्का?"

"ह्या खांबाला धरून उभं ऱ्हावा. चप्पल काढून. मेन चालू करा. मी ह्या बाया रोज मारत्यात तसं पानी मारते. तुमचा ग्लँड बरोबर असंल तर तुमाला गुदगुलीसुद्धा व्हनार नाय. तुमी हात ठिवला तर ही किल्ली तुमची, दुकान तुमचं. मी हितं मथुरेशेजारी गजरे विकीन."

लाउडस्पीकरवाल्याने गाणं बंद केलं. भाऊसाहेब हसले, मग खांबाकडे पाहिलं, मग वर पेटीकडे. हात पुढे आला. खांबापासून वीतभर अंतरावर थांबला. काम कसं झालंय हे त्या हाताला ठाऊक होतं. तो हात हळूच मागे गेला आणि खिशात शिरला. मोबाइल काढून ते म्हणाले, "अर्जंट कॉल आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मथुराबाई उठली. जी बाई टोपलीभर जागेसाठी सासूशी भांडली होती, तिने आपली टोपली उचलली आणि शेडच्या बाहेर उन्हात जाऊन मांडली. तिच्यामागे मेथीवाली. मग गुलाबवाली. बघता बघता सगळा बाजार उन्हात, आणि नव्या शेडमध्ये फक्त भाऊसाहेब, नारळ आणि बादली.

ग्लँड बदलले गेले. भाऊसाहेबांनी दुसरीकडूनच आणले, पण बरोबर आणले, डबल, केबलही नवी. आक्का जाऊन ओढून आली. "बसली," एवढंच म्हणाली. मथुराबाई पुन्हा खांबाला टेकली आणि तिने थोरलीला गजरा दिला. आक्का तो उलटा करून म्हणाली, "गाठ सैल हाय." मग केसांत माळला.

आता सगळं गोड व्हायला हवं होतं. पण पुढाऱ्याचा हात सगळ्यांदेखत मागे गेला होता आणि ते कुणी विसरत नव्हतं. पायरी ओसच राहिली. निरोप आला, कंत्राटदारांच्या बैठकीत आक्काने एकदा 'चुकलं' म्हणावं, उद्यापासून सगळे येतील.

आक्का म्हणाली, "चुकलं असतं तर म्हनले असते."

पण घरात अण्णा होते, ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं. ते टोपी नीट करून गुपचूप गेले आणि बैठकीत तिच्या वतीने माफी मागून आले. दुसऱ्या दिवशी गल्लीत पुन्हा रांग! तुकडे घेतलेले वायरमन, हसतमुख कंत्राटदार. आक्का पाहतच राहिली. मग तिने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी पेपर वर केला, तोही उलटा.

"काय दिऊन आले तुमी?"

"अगं, काही नाही. दोन शब्द फक्त."

आक्काने पुन्हा माझी स्कूटर काढली. या वेळी मीही मागे बसलो, स्कूटरच्या काळजीने. भाऊसाहेबांच्या बंगल्यात माणसं बसली होती. आक्का दारातच उभी राहिली.

"भाऊसाहेब, काल आमच्या मानसानं तुमाला माफी दिली. चुकीचा माल गेलाय. तो आमच्या दुकानात ठिवतच नाय. परत द्या."

"आक्का, माफी कशी परत देणार?"

"ह्या सगळ्यांसमोर म्हना, का आक्कानं मागितली नाय."

भाऊसाहेबांनी बसलेल्या माणसांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "आक्काने मागितली नाही." आणि हळू आवाजात पुढे, "पण दुकान चालणार नाही, आक्का. आता माझ्या हातातही नाही ते."

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली आणि वळली. परतताना स्कूटर तिने मला चालवायला दिली, आणि मागे बसताना माझ्या खांद्यावर ठेवलेला हात मात्र जड होता. पंचवटीपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. नाशकात त्या दिवशी एवढी शांतता होती की काही लोकांना वाटलं ग्रहण लागलंय.

द्राक्षाचा हंगाम यायच्या आत दुकान बंद झालं. शटर ओढताना अण्णा रडले. आक्काने एक जुना टेम्पो घेतला, खोकी त्यात भरली, अण्णांना पुढे बसवलं. गल्ली निरोप द्यायला जमली. मी म्हणालो, "आक्का, या वयात कुठे फिरणार?"

"जिथं पेटी हाय तिथं. हितं लोकं सांगत्यात तेवढंच कळायचं. आता डोळ्यांनी बघन." आणि टेम्पो निघाला.

त्यानंतर ती ऐकूच यायची. कुणी सांगे पिंपळगावात एका कारखानदाराशी भांडली, कुणी सांगे सटाण्याकडे एका वायरमनने तिचा टेम्पो पाहून खांबावरूनच हात जोडले. यातलं निम्मं मीच पसरवलंय, निम्मं खरं आहे.

पण विंचूरचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कांद्याच्या बाजारात एका मोटारीचं काम होतं म्हणून गेलो होतो. कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर आलेली आणि ठप्प. गाडीवरून उतरून पुढे गेलो तर एका नव्या कांदाशेडच्या दारात आक्का उभी. केस पुरते पांढरे झालेले. जमिनीवर नवीकोरी केबल पसरली होती आणि तिच्यावर आक्काचा पाय. केबलच्या टोकाशी मिशाळ वायरमन, पेटीसमोर उकिडवा, आणि ग्लँडमधून सायकलच्या ट्यूबचं टोक डोकावत होतं. टेम्पो दारात आडवा, आणि अण्णा दोन्ही बाजूंच्या ट्रॅक्टरवाल्यांची माफी मागत फिरत होते.

"आक्का, पाय काढा ना," वायरमन म्हणत होता. "मालक खोळंबलाय. चालू करायचंय."

"कर की चालू. मी कुठं नाय म्हनते?"

"पाय काढल्याशिवाय कसं करू?"

"मंग नको करू."

मागून हॉर्न वाजायला लागले. एक, दोन, मग सगळेच. मी ओरडलो, "आक्का!" तिने मान वळवून पाहिलं. ओळखलं.

"बाळ्या, मागं हो. ह्या सगळ्यांना पन मागं घे. येळ लागंल."

पहिल्या ट्रॅक्टरवाल्याने शिवी दिली, मग तिच्याकडे नीट पाहिलं आणि रिव्हर्स टाकला. मग त्याच्या मागच्याने. विंचूरची रांग मागे मागे सरकत मनमाडपर्यंत गेली असं मी सांगतो, आणि कमीच सांगतो. वळणावरून मी पुन्हा पाहिलं. वायरमनने पेटीवरच्या ग्लँडचा नट सोडवायला घेतला होता. आक्काने पाय अजून काढला नव्हता.